सत्तर इंचांची पेटी

१२ जानेवारी, सोमवार

बादू मामाने आज खिळ्याऐवजी स्वतःचा अंगठा ठोकला. दोनदा! खिळा तसाच उभा. पहिल्यांदा मामा ओरडला. दुसऱ्यांदा अंगठा तोंडात घालून मुकाट खाली बसला — पंचावन्न वर्षांचा माणूस. सारपोंग मामा मदतीला धावला, तो येता येता रंध्यावर पाय देऊन आडवा.

हे दोघं नानांची पेटी करणार!

काल बैठकीत ठरलं. ठरलं म्हणजे बादू मामा बोलून बसला. नानांना जाऊन सोळा दिवस झाले, हॉस्पिटलच्या थंड खोलीत आहेत. मर्तिक एकतीस तारखेला, शनिवारी. मंडप, बाजा, भोंगा, दारू — सगळं नानांच्या आईकडच्या कुळाचं, म्हणजे त्यांचा भाचा न्यार्को बघणार. मुलांच्या वाट्याला रीतीप्रमाणे एकच गोष्ट येते. बापाला पुरायची पेटी.

न्यार्को कुमासी शहराहून नवे बूट घालून आला होता. म्हणाला, "पेटीचं काय रे? का मीच आणू? सोनेरी मुठी, आतून साटीन, वर काचेची खिडकी."

"सुताराला विकतची पेटी?" बादू मामा म्हणाला. "अख्ख्या गावाच्या पेट्या आमच्या बापाने केल्या!"

"बापाने केल्या. तू काय केलंयस?"

सगळे हसले. खुर्च्यांवर थापा मारून हसले. तिथेच मामाचं डोकं फिरलं. उभा राहिला आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणाला, "नानांच्या लाकडाची, नानांच्या हत्यारांनी, आमच्या हातांनी!"

न्यार्कोने लगेच शब्द झेलला. "एकोणतीस तारीख, गुरुवार, सूर्य मावळायच्या आत. नाहीतर माझी पेटी येईल, आणि भोंग्यावर पेटी देणाऱ्याचं नाव माझं जाईल."

आई तडक घरी आली. मग चुलीपुढे बसून म्हणाली, "माझ्या बापाला भाच्याच्या पेटीत घालायचं?"

मोजमापाचं काम माझ्याकडे. "तू शिकलेली." या घरात जिथे जिथे आकडा येतो तिथे तिथे मला पुढे ढकलतात.

(तारखेखाली रेघ मारताना पट्टी हलली. रेघ वाकडी आली की मला पुढे सुचत नाही. खोडून पुन्हा मारली.)

१३ जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटल. नानांचं माप घ्यायचं होतं. शेजारच्या शिंपीण फोस्तिना मावशीची टेप मागून नेली. तिथला माणूस मक्याचं केंके खात होता, हात पुसत उठला. टेप साठची, वर पाच. पासष्ट इंच. लिहून घेतलं. पाच मोकळे धरले. पेटी आतून सत्तर.

एवढंच.

१५ जानेवारी, गुरुवार

आज हत्यारांची पेटी उघडली. नाना असताना तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बादू मामाने लहानपणी एकदा पटाशीने नारळ फोडला होता, नाना म्हणाले होते, "तुझा हात लागला की लाकूड रडतं." तेव्हापासून मामा लॉऱ्यांवर मेट, म्हणजे क्लीनर, झाला, तीस वर्षं दाराला लोंबकळून ओरडला. सारपोंग मामाने वस्तरा धरला. नानांनी दोघांना कधी परत बोलावलं नाही. आता कळतं, का.

सारपोंग मामाने रंध्याचं पातं काढलं, चामड्यावर घासलं, फुंकर मारली, अंगठ्याने धार बघितली — सगळं अगदी न्हाव्यासारखं. मग उलटं बसवलं. तासभर ढकलतोय, ढकलतोय. एक छिलका निघाला नाही. मी म्हटलं, "मामा, पातं उलटं आहे." तर म्हणाला, "तुला पुस्तकं कळतात, धार मला कळते." तासाभराने कुणाचं लक्ष नाही असं बघून सुलटं केलं. मी बघत होते!

नानांची घडीची पट्टी निघाली. पिवळी, लाकडी, उलगडत गेलं की बादू मामाच्या डोक्याच्या वर जाते. एका टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिथे नानांची बोटं असायची, तेवढा भाग तेलकट झालाय. नाना माप घेताना पुटपुटायचे. गाव म्हणायचं, म्हातारा लाकडाशी बोलतो, कापू का म्हणून परवानगी मागतो. बादू मामाने फळीवर पट्टी ठेवली, डोळे मिटले आणि पुटपुटला.

"काय म्हणतोस, मामा?"

"नाना म्हणायचे तेच."

"काय म्हणायचे?"

"ते मला काय माहीत?"

लाकूड मात्र बघण्यासारखं आहे. लालसर, वासाचं. नानांनीच स्वतःसाठी साठवलेलं — एका पेटीला लागतं त्याच्या तिप्पट! आई म्हणाली, "एवढं कशाला ठेवलं असेल?" मी म्हटलं नाही, पण मनात आलं: मुलांना ओळखून होते.

१७ जानेवारी, शनिवार

पहिली पेटी झाली. झाली असं म्हणतात ते.

बादू मामाने पट्टीवर सत्तर बघून खूण केली. आकडे त्याला येतात, लॉरीच्या नंबरांमुळे. करवत पण त्यानेच धरली. खुणेपासून निघाली ती गावाबाहेर गेली! एक बाजू लांब, एक आखूड. मग लांब बाजू थोडी कापली, तर ती आखूड झाली. मग दुसरी कापली. मी म्हणत होते थांब, थांब. "सारखं व्हायला नको?" म्हणे.

मग डिंक. डबा उघडा ठेवून सारपोंग मामा गिऱ्हाइकाची दाढी करायला गेला. येऊन त्याच डब्याशेजारी बसला. नंतर उठला तेव्हा स्टूलही उठलं.

मग खिळे. दोघांनी मिळून चाळीस खिळे मारले. वाकडे झाले ते तसेच झोपवले — "आतल्या बाजूला आहेत, कोण बघतंय!" (नाना बघतील.) शेवटी पेटी उचलायला गेले, तर उचलेना. बादू मामा म्हणाला, "वजन बघ! हे असं असतं खरं लाकूड!" मी वाकून बघितलं. खिळे बुडातून आरपार खालच्या बाकात गेले होते. पेटी आणि बाक आता सख्खे भाऊ.

पक्कड घेऊन संध्याकाळपर्यंत सोडवत बसले. मी हसले नाही. हसण्याचीही एक लायकी लागते कामाला.

१९ जानेवारी, सोमवार

पेटी पुरते का ते बघायचं होतं. सारपोंग मामा नानांएवढाच, म्हणून आडवा व्हायला निघाला. फोस्तिना मावशी काळ्या कापडाचे गठ्ठे घेऊन कुंपणापाशी उभी होती. मर्तिकाचे सगळ्या घराचे कपडे तीच शिवते. तिने हातातली कात्री उगारली. "जिवंत माणूस पेटीत निजवतोस? उद्या तिथेच राहिलास म्हणजे?"

मग बादू मामाने केळीचा एक खांब पाडला. मी तो टेपने मोजून पासष्टला कापून घेतला. हे तरी नानांच्या मापाचं असू दे.

बसला नाही! डोकं टेकवलं तर पाय बाहेर. पाय टेकवले तर डोकं बाहेर. दोघे चार बाजूंनी दाबतायत, केळीचं पाणी बाहेर येतंय.

सारपोंग मामा म्हणाला, "गुडघे थोडे दुमडले तर?"

आईने पळी फेकून मारली. नेम चांगला आहे तिचा. या घरात हत्यार धरता येणारी ती एकटीच.

२० जानेवारी, मंगळवार

पेटी कोंबड्यांना दिली. त्या कुरकुर करत नाहीत.

२२ जानेवारी, गुरुवार

आता मी सोडणार नाही. शाळेतून दुपारी सुटी मागून घेतली, माझा पहिलीचा वर्ग अबेना बाईंकडे दिला. मामांना बजावलं: मी उभी असल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही.

बादू मामाने पट्टीचं काळं टोक फळीच्या कडेला धरलं, नानांसारखं, मुठीत. पुटपुटलासुद्धा. मी दुसऱ्या टोकाला. गुडघे टेकून, डोळा अगदी पट्टीजवळ नेऊन सत्तर बघितलं. पुन्हा बघितलं. खूण मी केली, पेन्सिलीला टोक करून. प्रत्येक फळीला. करवत सारपोंग मामाला दिली. काय सरळ गेली! वस्तऱ्याचा हात शेवटी कामी आला. मी त्याला तसं म्हटलं नाही. म्हटलं की चढेल.

या खेपेला खिळे बाकात गेले नाहीत. फक्त दोन बादू मामाच्या खिशात गेले आणि खिसा पेटीला ठोकला गेला. खिसा कापून घेतला.

२४ जानेवारी, शनिवार

बसत नाही.

केळीचा खांब नवा पाडला, नवा मोजला. पासष्ट. पेटीत बसत नाही. दीड-दोन बोटं बाहेर! कडा सरळ, कोपरे सरळ, काही वाकडं नाही, आणि बसत नाही!

अंगणात सगळी जमली. प्रत्येकाला अक्कल फुटली. बादू मामा: "हरमातान आहे बाई, कोरडा वारा. माणसाचे ओठ फाटतात, लाकूड आकसणार नाही?" सारपोंग मामा: "नानांचा राग आहे. आपण हत्यारांना हात लावला तो." शेजारची म्हातारी: "त्यांना जायचंच नाहीये." मग जिनची बाटली आली, जमिनीवर थोडी ओतली, नानांची समजूत काढली. जमिनीवर थोडी, उरलेली कुठे गेली ते सांगायला नको.

लाकूड असं रातोरात आकसत नाही. माणसांची अक्कल आकसते, आणि तिला वाराही लागत नाही.

दुपारी न्यार्को आला. बूट त्याच्या मते सहज इकडे वळले होते. पेटीभोवती फिरला, केळीच्या खांबाकडे बघितलं. "हे कोण? पाहुणे?" म्हणाला. "छान. छोट्या माणसाला छान." मग माझ्याकडे वळून, "आणि ही मास्तरीण. ट्रेनिंग कॉलेजात चाललीयेस ना? तिथे काय शिकवतात — एक ते चौसष्ट?"

कारण मी तेव्हा टेप घेऊन पेटी मोजत होते. आतून चौसष्ट येत होते.

"सत्तर आहे!" बादू मामा ओरडला. नानांची पट्टी पेटीत घातली, मूठ या टोकाला, त्या टोकाला आकडा. सत्तर.

मी बघितलं. खरंच सत्तर.

तीच पेटी. टेप म्हणते चौसष्ट, पट्टी म्हणते सत्तर.

२५ जानेवारी, रविवार

प्रार्थनेत लक्ष नव्हतं. सगळ्या वेळ मोजत होते. बाकाची लांबी, खिडकीची उंची.

आणि बाकावरच उलगडा झाला! बाक नानांनी केलेला. शाळेतले बाक नानांचे, मी पहिलीत ज्याच्यावर बसले तोही. एकही डुगडुगत नाही. सगळे याच पट्टीने मोजलेले. मग पट्टी कशी खोटी असेल? मग खोटं कोण? कापड! कापडाची टेप, वीस वर्षांची, रोज बायकांच्या कमरेभोवती आवळून आवळून ताणलेली. ताणली की आकडे दूर जातात, आणि माप कमी भरतं. इतकं साधं. आणि ही माणसं जमिनीवर जिन ओततायत!

पट्टी सत्तर म्हणते तिथे टेप चौसष्ट म्हणते. म्हणजे टेपचे पासष्ट ते खरे एकाहत्तर. वर पाच मोकळे. पेटी शहात्तर हवी.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "एकाहत्तर? माझा बाप एवढा उंच नव्हता गं. माझ्यापेक्षा चार बोटं."

"आई, डोळ्यांनी मोजायचे दिवस गेले."

आई परत चुलीकडे वळली. मला वाईट वाटलं. पण बरोबर ते बरोबर.

२६ जानेवारी, सोमवार

फोस्तिना मावशीला सांगायला गेले. नीट सांगितलं, हळू, वर्गात सांगते तसं. मावशी मशीन थांबवून ऐकत होती. तोंडातल्या टाचण्या एक एक काढून उशीला टोचल्या.

"माझी टेप ताणली?"

"जुनी झाली की ताणते, मावशी. तुमचा दोष नाही."

"वीस वर्षं या टेपने शिवतेय. कुणाचं पोलकं तोकडं झालं? कुणाची कंबर अडकली? नाव सांग एक."

"ज्या टेपने माप घ्यायचं त्याच टेपने कापायचं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. दोन्हीकडे चूक तीच." (हे मला तिथल्या तिथे सुचलं. छान सुचलं.)

दारात तोपर्यंत चार बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, "म्हणजे आमचं कापडपण वाया?" मी म्हटलं, मी तसं म्हणत नाही. पण तसं म्हणाल्यासारखंच झालं. दोघींनी आपलं काळं कापड न शिवता परत मागून घेतलं.

मावशी म्हणाली, "शिकलीस बाई. फार शिकलीस." आणि मशीन चालू केलं. त्या खडखडाटात मला पुढचं बोलता येईना.

मी खोटं काही बोलले नाही. मग घरी मागच्या वाटेने का आले?

२७ जानेवारी, मंगळवार

लिहून टाकते. नाहीतर झोप लागणार नाही.

मी नानांना नीट मोजलं नाही. थंड खोलीत गेले, चादर बाजूला झाली आणि मी भिंतीकडे बघितलं. टेप मी नुसती धरली. साठची खूण त्या केंकेवाल्याने केली, वरचे पाचही त्याने वाचले. "पासष्ट," तो म्हणाला, मी "पासष्ट" लिहिलं. तीनदा मोजून ये असं आईने सांगितलं होतं. घरी येऊन सांगितलं, तीनदा मोजलं.

म्हणजे टेप ताणलेली, माप घेणारा परका, आणि मी भिंत बघतेय. यातलं काय काय चुकलं असेल? शेवटचं लाकूड राहिलंय. एका पेटीपुरतं. तेही चुकलं तर शनिवारी भोंग्यावर न्यार्कोचं नाव, आणि आई जन्मभर ते ऐकत बसेल. मामांना हसता येतं मला. मामा निदान लाकडाकडे बघत तरी होते.

२८ जानेवारी, बुधवार

बसला!!

शहात्तर. मी पट्टीवर शहात्तरला खूण केली, सारपोंग मामाने करवत एकदा ओढली आणि थांबला. "पोरी, नक्की ना? यानंतर फळी नाही." मी म्हटलं, नक्की. नक्की नव्हतं.

दुपारपर्यंत पेटी उभी राहिली. केळीचा खांब आत ठेवला — दोन्ही टोकांना अडीच अडीच इंच. गणिताप्रमाणे! बादू मामा खांबालाच मिठी मारून रडला. सारपोंग मामाने फळ्यांवरून रंधा फिरवला, पातं सुलटं होतं, छिलका इतका लांब निघाला की त्याने तो कानावर अडकवला आणि दिवसभर तसाच हिंडला.

न्यार्को आला. टिचकी मारून बघितली. कोपरे बघितले. झाकण उघडलं, लावलं, उघडलं. एक वाकडा खिळा शोधत होता बिचारा. मिळाला नाही. (आहे. आतल्या बाजूला. मी सांगणार नाही.)

"कुणी केली?"

"आम्ही," बादू मामा म्हणाला. मग थांबून, "हिने मोजली."

न्यार्को गेला. बूट लाल मातीने भरले होते.

अख्खं घर माझ्याकडे असं बघत होतं की मला बाहेर जावं लागलं. आई म्हणाली, "तुझ्या शाळेचं सार्थक झालं." रात्रीच्या जेवणाचं फुफू उखळात कुटताना मावशी आली नाही. दर वेळी ती येते. मुसळ आज आईने एकटीनेच चालवलं.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी फोस्तिना मावशी आली. टेप माझ्यापुढे टाकली. "शिकलेल्या बाई, कुठे ताणलीये ते बोट ठेवून दाखवा."

माझ्या कंपासपेटीतली पट्टी काढली, पहिलीपासूनची, सहा इंची, पिवळी, टोकाला भोक असलेली. टेपवर ठेवली. सहाला सहा. पुढे सरकवली. बाराला बारा. शेवटपर्यंत. सुतभर फरक नाही.

मग नानांची पट्टी घेतली. काळी गुंडाळी सोडली. आत एक नाही, दोन नाही. पहिला आकडा सात. मोडलेल्या टोकाला पितळेची खुंटी. माझ्या पट्टीचं भोक तिच्यावर नेमकं बसलं.

सहा वर्षांची होते. मास्तरांनी पट्टी आणा सांगितलं होतं. नाना म्हणाले, "थांब," आणि आत गेले. कट्ट असा आवाज आला होता. मला वाटलं, माझ्यासाठी नवी केली.

चौदा वर्षं ते लाकडाशी बोलत नव्हते. प्रत्येक मापात सहा मिळवत होते. आमची शहात्तरची पेटीही खरी सत्तरचीच.

मावशीच्या पायाशी बसले. तिने उठवलं नाही, आधी टेप गुंडाळली. मग म्हणाली, "चल." तिच्याबरोबर घरोघर गेले, माझ्या तोंडाने सांगितलं. कापड परत आलं. मामांनाही सांगितलं. मोजमाप चुकलं ते तुमच्या हातांनी नव्हे. बादू मामाने पट्टीचे दोन्ही तुकडे जुळवले, खिळा धरला, ठोकला. पहिल्या फटक्यात, सरळ. पेटीत नानांच्या उजव्या हाताला येईल अशी ठेवली.

मागची पानं फाडणार नाही.

आजची रेघ पट्टीशिवाय मारली आहे. वाकडी आली. राहू दे.